मॉर्मन पंथाची ईश्वरकल्पना



आजचा विषय आम्ही कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या एका तरुण चिटणिसांनी मोठ्या अदबीने विचारले, "आपल्या गावात मॉर्मन आहेत तरी किती?" आमच्या माहितीप्रमाणे एकही नाही. तेव्हा हा विषय गावाच्या तातडीच्या उपयोगाचा नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. पण तो आम्ही हौसेने शोधून काढलेला नाही. तो आमच्या घरी चालत आला.

वसईकडचे आमचे एक जुने स्नेही आहेत. घराणे पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक, आणि पुस्तकांचा नाद आमच्याइतकाच. त्यांची पुतणी अमेरिकेत युटा राज्यात शिकावयास गेली आणि तिथल्याच एका तरुणाशी लग्न करण्याचे तिने ठरवले. मुलगा सालस, निर्व्यसनी; दारू-तंबाखू तर सोडाच, चहाकॉफीलाही शिवत नाही. स्नेह्यांना आनंद झाला. पण गावच्या फादरांनी विचारपूस केली आणि ते म्हणाले, "मुलगा मॉर्मन असेल तर आमच्या हिशेबी त्याचा बाप्तिस्माच झालेला नाही. हे लग्न बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी होणारे लग्न धरून, तशी परवानगी मागावी लागेल." तिकडे मुलाच्या आईने कळवले की, तुमच्या मुलीचा लहानपणीचा बाप्तिस्मा आमच्याकडे धरला जात नाही, तो नव्याने व्हायला हवा, नाहीतर आमच्या मंदिरात विवाह लागणार नाही. आता पाहा, येशूचे नाव दोन्हीकडे आहे. पाणी दोन्हीकडे आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे शब्दही दोन्हीकडे आहेत. आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या बाप्तिस्म्याला शून्य मानतात! स्नेह्यांनी आम्हांस लिहिले, "तुम्ही बाहेरचे आहात, म्हणून तुम्हांलाच विचारतो. हे लोक ख्रिस्ती आहेत की नाहीत?"

ह्या एका प्रश्नापायी आमचा सबंध पावसाळा गेला. त्या वाचनातून जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. ह्या लोकांच्या मंडळीचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', म्हणजे अखेरच्या काळातील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी. 'मॉर्मन' हे त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' ह्या धर्मग्रंथावरून लोकांनी पाडलेले नाव. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी, आम्हांला पूर्ण नावानेच ओळखा, अशी जगाला विनंती केली. ती रास्त आहे. पण एवढे लांब नाव तासाभरात पन्नास वेळा घेतले तर आपण उठून जाल, म्हणून आम्ही जुनेच नाव वापरतो, त्यात अनादर नाही. त्यांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे आज जगात त्यांची संख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. आपल्याकडेही ते अगदीच अपरिचित नाहीत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक मुंबईस उतरला, पुण्यासही गेला आणि थोडेफार अनुयायी मिळवून परतला. ते रोप काही जगले नाही.

संस्थापक जोसेफ स्मिथ. जन्म १८०५, व्हरमाँट राज्यातला. शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षण बेताचे. न्यूयॉर्क राज्यातील पालमायरा गावाजवळ त्याचे कुटुंब राहत असे, आणि त्या मुलखात त्या काळी धर्मजागृतीचा नुसता वणवा पेटलेला होता. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट सारे आपापले मांडव टाकून बसलेले, आणि प्रत्येकाच्या मते दुसरा चुकलेला. चौदा वर्षांच्या जोसेफला प्रश्न पडला की यातले खरे कोण? १८२० च्या वसंतात तो रानातल्या झाडीत एकटाच प्रार्थनेला बसला, आणि तिथे आपणांस ईश्वरी दर्शन झाले असे त्याने पुढे सांगितले. पुढची कथा आटोपशीर सांगतो. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण भाषांतरले, असे सांगून त्याने 'बुक ऑफ मॉर्मन' १८३० मध्ये छापले. त्याच वर्षी ६ एप्रिलला मंडळी स्थापन झाली. ओहायो, मिझुरी, इलिनॉय असे एकामागून एक मुलखांतून अनुयायांना हलावे लागले. आणि २७ जून १८४४ रोजी कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने जोसेफ व त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. ब्रिगम यंग यांनी उरलेल्या लोकांना १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेले. बहुपत्नीत्वाचे प्रकरण सर्वांना ठाऊक असते, किंबहुना तेवढेच ठाऊक असते. मंडळीने ती चाल सोडत असल्याचे १८९० मध्ये जाहीर केले, आणि आजच्या आमच्या विषयाशी तिचा संबंध नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

आमचे काम त्या झाडीतल्या दर्शनाशी आहे. मॉर्मन मंडळीने पवित्र मानलेल्या, १८३८ साली लिहावयास घेतलेल्या वृत्तांतात असे आहे की, जोसेफला दोन व्यक्ती दिसल्या, हवेत त्याच्या वर उभ्या. आणि एकीने दुसरीकडे बोट दाखवून तो आपला पुत्र असल्याचे सांगितले. दोन व्यक्ती, दोन देह, एकमेकांशेजारी. शिवाय सांगण्यात आले की कुठल्याही पंथात जाऊ नकोस, सारे चुकले आहेत, आणि त्यांचे विश्वासांगीकार देवाला किळसवाणे वाटतात. ख्रिस्ती उपासनेत श्रद्धेची जी ठरीव घोषणा म्हणतात तिला विश्वासांगीकार म्हणतात. तेव्हा भांडणाला मॉर्मनांना ख्रिस्ती मंडळीतून कुणी काढले तिथून सुरुवात झालेली नाही. पहिला हात मॉर्मनांचाच होता, हे त्यांच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.

मात्र ह्याच दर्शनाचा एक जुना वृत्तांत आहे, १८३२ चा, बराचसा जोसेफच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला. त्यात प्रभूने दर्शन देऊन पापांची क्षमा केली असे आहे. दोन व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख नाही. 'बुक ऑफ मॉर्मन'च्या १८३० च्या आवृत्तीत मरियेला एका ठिकाणी देवाची आई म्हटले होते. १८३७ च्या आवृत्तीत तिथे देवाच्या पुत्राची आई असा बदल झाला. १८३५ मध्ये त्यांच्या धर्मग्रंथाला जोडलेल्या व्याख्यानांत पिता हा आत्मरूप आणि पुत्र तेवढा देहधारी असे शिकवले आहे. ती व्याख्याने १९२१ मध्ये ग्रंथातून काढण्यात आली. कारण मधल्या काळात, १८४३ च्या एप्रिलमध्ये, जोसेफने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते की पित्याला माणसासारखाच हाडामांसाचा, हाताला लागणारा देह आहे, पुत्रालाही आहे, आणि पवित्र आत्मा मात्र आत्मरूप आहे. आज मॉर्मन मंडळी हेच मानते. टीकाकार म्हणतात, पाहा, ह्याचा देव दर चार वर्षांनी बदलत गेला. श्रद्धावंत म्हणतात, देवानेच शिष्याला पायरीपायरीने शिकवले. आम्हांस वाटते, कागद पाहता कल्पना वाढत गेली एवढे कोणालाही नाकारता येणार नाही. ती कोणी वाढवली हे कागदावरून ठरायचे नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ते फार जुने बांधकाम आहे. इ. स. ३२५ मध्ये निकीया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद भरवली. २०२५ मध्ये तिला सतराशे वर्षे झाली. वाद होता अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूशी. एरियस म्हणे, पुत्र थोर खरा, पण तो निर्मिला गेला; असा एक क्षण होता की जेव्हा तो नव्हता. परिषदेने उत्तर दिले की पुत्र निर्मिलेला नाही, तो पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने हे मत पक्के केले आणि पवित्र आत्म्याविषयीचा भाग वाढवला. तीन व्यक्ती, एक ईश्वर, हेच त्रैक्य. कॅथलिक, ग्रीक, रशियन, मार्टिन लूथरचे अनुयायी, आपल्याकडचे बहुतेक प्रॉटेस्टंट, सारे एरवी कडाकडा भांडतात, पण ह्या छपराखाली एकत्र राहतात.

मॉर्मनांचे म्हणणे असे की, हे 'एकाच तत्त्वाचा' प्रकरण बायबलात कुठे आहे? तो ग्रीक तत्त्वज्ञांचा शब्द. परिषद बोलावली ती बाप्तिस्माही न घेतलेल्या सम्राटाने. त्याने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एक आहेत ते हेतूने, प्रेमाने, एकविचाराने. तीन सख्खे भाऊ जसे एका मनाने घर चालवतात तसे. तत्त्व एक, व्यक्ती तीन, हा हिशेब आम्हांला समजत नाही आणि तुम्हांलाही समजत नाही. श्रोतेहो, शेवटच्या वाक्याला बऱ्याच ख्रिस्ती पंडितांची एकांतात संमती मिळेल असा आमचा तर्क आहे.

बरेच लोक इथे थांबतात आणि म्हणतात की वाद त्रैक्याचा आहे. आमचेही प्रथम तसेच मत झाले होते. पण वाचता वाचता ध्यानात आले की त्रैक्य ही वरवरची भेग आहे. मूळ भेग खाली पायात आहे. ती पाहण्यासाठी आधी देवाच्या देहाचा प्रश्न घेऊ. तो दिसायला भाबडा वाटतो, पण तसा नाही.

बायबलच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला असे आहे. मॉर्मन म्हणतात, प्रतिरूप म्हणजे प्रतिरूप. मुलगा बापासारखा दिसतो तसे. इतर ख्रिस्ती म्हणतात, प्रतिरूप म्हणजे बुद्धी, इच्छाशक्ती, प्रेम करण्याची पात्रता, नाकडोळे नव्हेत. निर्गम नावाच्या पुस्तकाचा तेहेतिसावा अध्याय तर दोन्ही पक्षांचे शस्त्रागार आहे. अकराव्या वचनात देव मोशेशी समोरासमोर बोलतो, मित्राशी बोलावे तसा. आणि विसाव्या वचनात तोच देव म्हणतो की मला पाहून कोणी जिवंत राहायचे नाही! योहानाच्या शुभवर्तमानात, देव आत्मा आहे, असे येशू स्वतः शोमरोनी बाईला विहिरीवर सांगतो. हे वचन जोसेफला अडले. त्याने बायबलची जी सुधारून वाचना केली तीत ते बदलून, देवाने खऱ्या भक्तांना आपला आत्मा देण्याचे वचन दिले आहे, अशा अर्थाचे केले. ग्रीक हस्तलिखितांचा त्याला आधार नाही. आधार आहे तो जोसेफच्या साक्षात्काराचा.

ह्या देहाच्या प्रश्नावर १९०३ मध्ये एक सुरेख वादग्रंथ निघाला. एका बाजूला बी. एच. रॉबर्ट्स हे मॉर्मनांचे पट्टीचे विद्वान, दुसऱ्या बाजूला आयडाहोतील व्हॅन डर डाँक्ट नावाचे कॅथलिक धर्मगुरू. धर्मगुरूंचा मुद्दा असा की, देह म्हटला की त्याला सीमा आली, अवयव आले. जे अवयवांचे बनते ते विस्कटू शकते. आणि जे विस्कटू शकते ते ईश्वर नव्हे. रॉबर्ट्स यांनी बोट ठेवले ते येशूवर. येशू मेलेल्यांतून उठला, शिष्यांना म्हणाला की चाचपून पाहा, भाजलेला मासा खाल्ला, आणि त्या देहानिशी स्वर्गात गेला, हे तुम्हीही मानता ना? आणि येशू पूर्ण ईश्वर, हेही मानता? मग देह ईश्वरत्वाला शोभत नाही हे कसे? ह्यावर कॅथलिकांचे उत्तर इ. स. ४५१ च्या खाल्सेदोनच्या परिषदेपासून तयार आहे: येशूच्या ठायी दोन स्वभाव, एक ईश्वरी व एक मानवी, देह आहे तो मानवी स्वभावाचा. उत्तर बिनतोड आहे, पण पाहा, उत्तर देण्यासाठी पुन्हा स्वभाव, तत्त्व असे शब्द लागलेच. रॉबर्ट्सना ते शब्दच नको होते.

आणि हा वाद मॉर्मनांनी निर्माण केला असेही नाही. जॉन कॅशन ह्या साधूने लिहून ठेवलेली एक हकीकत आम्हांला फार लागली. साल ३९९. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी. अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस दरवर्षी ईस्टरची तिथी कळवण्यासाठी पत्र पाठवीत. त्या वर्षीच्या पत्रात त्यांनी लिहिले की देवाला मानवी आकार आहे असे समजणे चूक आहे. वाळवंटात खळबळ उडाली. तिथे सेरापियन नावाचा एक अतिवृद्ध साधू होता, सगळे आयुष्य प्रार्थनेत घालवलेला, आणि प्रार्थनेत डोळ्यांपुढे देवाचा चेहरा आणणारा. बाहेरगावच्या एका विद्वान मठसेवकाने त्याला शास्त्राधार दाखवून समजावले. म्हाताऱ्याला पटले. सर्वांनी आनंदाने देवाचे आभार मानण्यासाठी प्रार्थना सुरू केली, आणि म्हातारा एकाएकी जमिनीवर कोसळून रडू लागला की, माझा देव ह्यांनी माझ्यापासून काढून नेला, आता मी धरू कोणाला आणि भजू कोणाला!

इतर तपस्वी इतके सौम्य नव्हते. सॉक्रेटिस नावाच्या चर्चच्या इतिहासकाराने लिहिले आहे की ते अलेक्झांड्रियात घुसले, तेव्हा थिओफिलस हात जोडून म्हणाले की तुम्हांला पाहून मला देवाचे मुख पाहिल्यासारखे वाटते. देवाला मुख आहे असे सूचित झाल्यावर मंडळी निवली. बिशप मोठे व्यवहारी असले पाहिजेत.

हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एव्हाना एक शब्द घोळू लागला असेल: हा तर आपला सगुण-निर्गुणाचा वाद! विटेवरचा विठ्ठल आणि नामरूपातीत ब्रह्म. आम्हांसही तो मोह झाला. पण मोह आवरावा हे बरे. आपल्याकडे सगुण आणि निर्गुण ही एकाच वस्तूची दोन दर्शने मानून संतांनी भांडण मिटवले. मॉर्मनांचा स्वर्गीय पिता हे कुठल्या निर्गुणाचे सगुण रूप नव्हे. त्याच्यामागे निर्गुण असे काही नाहीच. तो जसा दिसतो तसाच आहे. दाखलाच हवा असेल तर जैनांचा थोडा जवळ येईल: जीव कोणी निर्माण केलेले नाहीत, ते अनादी आहेत, आणि साधनेने पूर्णत्वाला पोचतात. पण जैनांचा सिद्ध देह टाकतो, आणि मॉर्मनांना पूर्णत्वासाठी देह हवा. तेव्हा घरच्या कुंच्या दुसऱ्याच्या डोक्याला बसत नाहीत, हे ओळखून पुढे जाऊ.

आता मूळ भेगेकडे. ७ एप्रिल १८४४. इलिनॉयमधील नॉवू गावी मंडळीची परिषद भरलेली, हजारो माणसे उघड्यावर बसलेली. किंग फॉलेट नावाचा मंडळीतला एक माणूस विहीर खणताना अपघाताने मरण पावला होता. त्याच्या निमित्ताने जोसेफ स्मिथ बोलावयास उभा राहिला. तीन महिन्यांच्या आत त्याचाही अंत व्हायचा होता. चार जणांनी त्या प्रवचनाची टिपणे घेतली, म्हणून ते आज आपल्यापाशी आहे. त्यात त्याने सांगितले की, देव आज सिंहासनावर बसलेला आहे तो अनादिकाळापासून तसाच नव्हता. तोही एकदा आपल्यासारखा माणूस होता, एका पृथ्वीवर राहिला, आणि चढत चढत त्या पदाला पोचला. आणि माणसानेही त्याच पायऱ्या चढावयाच्या आहेत. बायबलच्या पहिल्या वाक्यातील 'निर्मिले' ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ त्याने असा केला की, शून्यातून उत्पन्न केले असे नव्हे, तर असलेल्या द्रव्याची मांडणी केली. आठ वर्षांपूर्वी ओहायोत त्याने एका शिक्षकाकडे हिब्रूचे धडे घेतले होते, ते इथे कामी आले. द्रव्य अनादी, आणि माणसातले जे चैतन्य तेही अनादी. देवाने ते केले नाही, करूही शकला नसता.

विचार करा, हे ऐकून निकीयाच्या बिशपांनी काय केले असते! एरियसने केवळ पुत्राला खाली ओढले होते. इथे पित्यालाच शिडीवर उभे केले. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देव सांगतो की माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही आणि माझ्यानंतर होणार नाही. ख्रिस्ती टीकाकार हे वचन ढालीसारखे पुढे करतात. निकीयाने खरे पाहता एक रेष ओढली होती. रेषेच्या अलीकडे सारी सृष्टी, देवदूतांपासून मुंगीपर्यंत, शून्यातून झालेली आणि देवाने हात काढताच शून्यात जाणारी. पलीकडे एकटा ईश्वर. वाद एवढाच होता की पुत्र रेषेच्या कुठल्या बाजूला. आणि परिषदेने त्याला पलीकडे, पित्याशेजारी बसवले. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन परिषदेने तर असे ठरवले की, निर्माता आणि निर्मित ह्यांत कितीही साम्य दाखवा, भेद त्याहून मोठाच राहील. जोसेफ स्मिथने पुत्राची जागा बदलली नाही. त्याने रेषच पुसली. पिता, पुत्र, देवदूत, आपण सारे एका जातीचे, फरक इयत्तेचा. पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा, हे निकीयाचे वाक्य त्याला अमान्य होते असे म्हणण्यापेक्षा, त्याने ते तुमच्याआमच्यापर्यंत ताणले असे म्हणणे अधिक खरे होईल.

ह्यावर मॉर्मन पंडित म्हणतात की, माणूस देवपदाला पोचतो हे तुमच्याच प्राचीन आचार्यांनी सांगितले आहे. निकीयाचे कट्टर पाठीराखे अथनेशियस यांनीच, देव माणूस झाला तो माणसाने देव व्हावे म्हणून, अशा आशयाचे लिहिले आहे. खरे आहे, आणि ग्रीक चर्चमध्ये ती शिकवण आजही जिवंत आहे. मग भेद कुठला? आपल्या घरातला दाखला देतो. निपुत्रिक घराण्यात दत्तक घेतात. दत्तकाला घराचे नाव मिळते, वाडा मिळतो, श्राद्धाचा अधिकार मिळतो, बापाचे प्रेमही मिळते. पण रक्त मिळत नाही, आणि जे मिळाले ते बापाच्या कृपेने. औरसाचे तसे नाही. तो नालायक निघाला तरी रक्त त्याचेच. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात दत्तकाचाच शब्द वापरला आहे. निकीयाच्या ख्रिस्ती माणसाला देव आपला बाप आहे तो दत्तकविधानाने. मॉर्मनाला देव आपला बाप आहे तो औरसपणाने; जन्मापूर्वी आपला आत्मा त्याच्याच घरी वाढला, अशी त्याची समजूत आहे. आणि बाप आहे तर आई कुठे? तीही आहे. एलायझा स्नो ह्या त्यांच्या कवयित्रीने १८४५ च्या एका भजनात स्वर्गातल्या आईचा उल्लेख केला आणि ती कल्पना मंडळीने स्वीकारली. मात्र आईची प्रार्थना करत नाहीत, तिच्याविषयी बोलतातही थोडे. का, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस त्यांच्या पुस्तकांत मिळाले नाही.

दोन्ही पक्षांना आपापल्या देवाची किंमत मोजावी लागते, आणि ती वसूल होते ती दुःखाच्या वेळी. मूल आजारी पडले, दगावले. निकीयाच्या देवाने सारे शून्यातून निर्माण केले, तेव्हा तो रोगही अखेर त्याच्याच सृष्टीतला, 'का?' हा प्रश्न सरळ त्याच्या दाराशी जातो, आणि सतराशे वर्षांत त्याला पुरते उत्तर मिळालेले नाही. मॉर्मनाला हा प्रश्न इतका बोचत नाही. त्याच्या देवाने द्रव्य केले नाही, चैतन्य केले नाही. तो आहे त्या सामग्रीतून मुलांना वाढवतो आहे, स्वतः त्या वाटेने गेलेला आहे. तो रडतो असे त्यांच्या ग्रंथात आहे. पण मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दुसराच प्रश्न येतो: जो स्वतः वाढून मोठा झाला, ज्याच्याआधीही सृष्टी होती, तो अखेर जिंकेलच ह्याची हमी कोण देणार? निकीयाच्या माणसाला ही काळजी नाही. त्याचा देव कशावरच अवलंबून नाही. एकाला जवळीक मिळाली, एकाला हमी मिळाली. सेरापियन कशासाठी रडला हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. किंग फॉलेटचे प्रवचन मॉर्मनांच्या धर्मग्रंथांत नाही. देव एकदा माणूस होता ह्या भागाविषयी त्यांचे नेते अलीकडे जपून बोलतात. १९९७ मध्ये अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांना वार्ताहरांनी छेडले तेव्हा त्यांनी, ह्यावर आम्ही फारसा भर देत नाही आणि आम्हांला त्यातले फारसे कळतही नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. २०१४ मध्ये मंडळीने एक निबंध प्रसिद्ध केला; त्याचा सारा भर माणूस पुढे काय होईल ह्यावर आहे. आणि जोसेफच्या अनुयायांतलीच एक शाखा, जी त्याच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये वेगळी उभी राहिली आणि आज 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' म्हणवते, ती त्रैक्य मानते. २०१० मध्ये तिला अमेरिकेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेत जागाही मिळाली. संस्थापक तोच, ग्रंथ तोच, देव मात्र निकीयाचा.

आता बाप्तिस्म्याकडे, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या अडचणीकडे परत येऊ. कॅथलिक चर्च ह्या बाबतीत एरवी फार उदार आहे. पाखंडी म्हटलेल्या माणसाने दिलेला बाप्तिस्माही ते धरते, पाणी आणि शब्द बरोबर असले व हेतू चर्चचा असला म्हणजे झाले. तरीही ५ जून २००१ रोजी रोमने जाहीर केले की मॉर्मनांचा बाप्तिस्मा धरता येत नाही. सही होती कार्डिनल रॅटझिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. कारण असे दिले गेले की, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे शब्द तेच असले तरी त्या शब्दांनी ज्याला हाक मारली जाते तो तोच नाही. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्टांनीही आदल्याच वर्षी तसाच निर्णय घेतला होता. मॉर्मनांना हे फार लागले, आणि ते आम्ही समजू शकतो. पण त्यांनी स्वतः १८३० पासून कुणाचाच बाप्तिस्मा धरलेला नाही. त्यांच्या मते येशूने दिलेला अधिकार प्रेषितांच्या मागे पृथ्वीवरून उठला आणि जोसेफच्या हाती पुन्हा आला. मधल्या काळातले सारे पाणी नुसते पाणी.

आम्ही स्नेह्यांना लिहिले ते असे. येशूला तारणारा मानणे, त्याच्या मरणाने आपली सुटका झाली आणि तो देहानिशी उठला असे मानणे, हे ख्रिस्तीपण असेल, तर मुलाचे घराणे ख्रिस्ती आहे, आणि कोणी बाहेरचा इतिहासकार त्याला दुसऱ्या कुठल्या धर्मात घालू शकणार नाही. निकीयाची रेष मानणे हे ख्रिस्तीपण असेल, तर ते ख्रिस्ती नाहीत, आणि ते तसे म्हणवून घेऊ इच्छीतही नाहीत. तुमचे फादर दुष्टपणा करत नाहीत आणि मुलाची आईही करत नाही. दोघेही आपापल्या देवाशी इमान राखीत आहेत. स्नेह्यांचे उलट टपाली उत्तर आले की, "तुमचे उत्तर वकिली आहे, पण मुलीला वाचून दाखवले."

मुलीने बाप्तिस्मा पुन्हा घेतला नाही. मुलानेही घेतला नाही. बिशपांची परवानगी आली आणि तिकडच्याच एका लहानशा कॅथलिक चर्चमध्ये लग्न लागले. त्यात गमावले कोणी असेल तर मुलाच्या आईने, हे इथे सांगितलेच पाहिजे. मॉर्मनांच्या मंदिरात बांधलेली गाठ मरणापलीकडे टिकते, कुटुंब स्वर्गातही एकत्र राहते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि त्या मंदिरात मंडळीबाहेरच्या माणसाला पाऊल टाकता येत नाही. तिच्या दृष्टीने मुलाचे लग्न ह्या जन्मापुरते झाले. तरी ती आली, पहिल्या बाकावर बसली. स्नेही व्हिसा मिळवून गेले होते, त्यांनी पाहिले. फादरांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने आशीर्वाद दिला तेव्हा बाई डोळे पुशीत स्पष्ट आवाजात 'आमेन' म्हणाल्या. स्नेह्यांनी परतल्यावर आम्हांस विचारले आहे की त्या कोणाला आमेन म्हणाल्या, आमच्या देवाला की त्यांच्या? त्या पत्राचे उत्तर आम्ही अद्याप लिहिलेले नाही.